राहावे की निघावे?

ज्या संस्थेची आपण आजन्म सेवा केली, तिच्यावर अधर्माचा अंमल बसला तर सज्जनाने काय करावे? आत राहून वाचेल तेवढे वाचवावे, की उंबरठा ओलांडून निघून जावे? हा प्रश्न केवळ राजदरबाराचा नव्हे. कचेरी, शाळा, मंडळ आणि क्वचित् घर यांतही तो उभा राहतो. आम्ही आज त्याचा विचार जर्मन पदार्थविज्ञानवेत्ते मॅक्स प्लांक यांच्या चरित्राच्या आधारे करू इच्छितो.

प्लांक यांचा जन्म १८५८ साली कील येथे झाला. पदार्थविज्ञानात शोधण्याजोगे आता फारसे उरलेले नाही, असे म्युनिकमधील एका प्राध्यापकांनी त्यांना तरुणपणी सांगितले होते. तरीही त्यांनी तोच मार्ग धरला. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशात कोणत्या रंगाच्या वाट्याला किती ऊर्जा येते, या कोड्याने त्यांना बरीच वर्षे पछाडले होते. १४ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी बर्लिनच्या विद्वानांपुढे आपले उत्तर मांडले. ऊर्जा अखंड धारेप्रमाणे वाहत नसून ठराविक पुंजांनी दिली-घेतली जाते, असे मानल्याशिवाय मोजमापांचा मेळ बसत नाही, हे त्याचे सार होय. वृत्तीने जुन्या वळणाच्या या गृहस्थांना ही कल्पना मुळीच रुचली नव्हती. आपण ते निरुपायाने केले, असे त्यांनीच पुढे लिहिले. परंतु सत्य समोर आले तेव्हा आपली आवडनिवड त्यांनी बाजूस सारली. या शोधासाठी त्यांना १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाच्या स्थिरांकावर २०१९ सालापासून किलोग्रॅमची व्याख्याही आधारलेली आहे.

अशा या पुरुषाची खरी कसोटी मात्र पंचाहत्तराव्या वर्षी लागली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला आणि ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू वंशाच्या शासकीय सेवकांना व प्राध्यापकांना काढून टाकण्यास आरंभ झाला. प्लांक त्या वेळी कैसर विल्हेल्म सोसायटी या प्रमुख संशोधनसंस्थेचे अध्यक्ष व प्रशियन अकादमीचे एक सचिव होते. आइन्स्टाइन यांनी मार्चमध्येच अकादमीचा राजीनामा दिला होता. स्वतः ज्यू नसलेले श्रोडिंगरही त्याच वर्षी बर्लिन सोडून गेले. तरुण हायझेनबर्ग सल्ला विचारावयास आले, तेव्हा प्लांक यांनी त्यांना राहण्यासच सांगितले. हे वादळ ओसरेल, तोवर विद्येचे बीज जपून ठेवले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेत भ्याडपणा होता, असे आम्हांस वाटत नाही. मे १९३३ मध्ये ते हिटलरला भेटले आणि पदत्याग करावा लागलेले ज्यू रसायनवेत्ते फ्रिट्झ हाबर यांच्यासाठी त्यांनी रदबदली केली. हिटलर संतापाने बोलत सुटला व भेट व्यर्थ गेली. पुढे परदेशी मरण पावलेल्या हाबर यांच्या स्मरणार्थ प्लांक यांनी २९ जानेवारी १९३५ रोजी सभा बोलावली. प्राध्यापकांनी तिला जाऊ नये, असे सरकारी फर्मान निघाले. तथापि प्लांक यांनी सभा भरविलीच, आणि ज्यांना येण्याची बंदी होती अशा कित्येकांच्या पत्नी तेथे येऊन बसल्या.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिटलरपुढे प्लांक यांनी जो मुद्दा मांडला तो न्यायाचा नव्हता, उपयुक्ततेचा होता. ज्यूंमध्येही मोलाचे आणि बिनमोलाचे असे भेद आहेत, ते सरकारने ओळखावेत, असे आपण म्हणालो, हे त्यांच्याच आठवणीत नमूद आहे. म्हणजे एका मित्राला वाचविण्यासाठी उरलेल्यांचा पक्ष आधीच सोडून द्यावा लागला. आइन्स्टाइन यांची थोरवी त्यांनी अकादमीत निर्भयपणे सांगितली, पण त्यांना जावे लागले याचा दोष आइन्स्टाइन यांच्याच राजकीय वर्तनावर ठेवला. स्टुटगार्ट येथील एका समारंभात नाझी पद्धतीचा नमस्कार करताना त्यांचा हात अर्धा वर गेला, खाली आला, पुन्हा गेला आणि अखेर पुरता उचलला गेला, असे एवाल्ड या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. त्या थरथरत्या हातात आम्हांस संपूर्ण प्रश्न दिसतो.

कौरवसभेतील भीष्म येथे आठवल्यावाचून राहत नाहीत. त्यांच्या ज्ञानाविषयी वा शौर्याविषयी कोणास शंका आहे? परंतु खाल्ल्या मिठाला जागताना सभेतील अन्यायाला त्यांच्या उपस्थितीनेच प्रतिष्ठा मिळाली. सज्जन आत राहतो तेव्हा तो काही वाचवितो, हे खरे. पण त्याबरोबर आपले नाव दुर्जनांस उसने देतो, हेही तितकेच खरे. लिझे माइटनर या ज्यू वंशाच्या विदुषी १९३८ पर्यंत बर्लिनमध्येच काम करीत राहिल्या व अखेर त्यांना जीव घेऊन पळावे लागले. आपण तत्काळ निघालो नाही हे केवळ अविचाराचे नव्हे, तर फार गैर होते, असे युद्धानंतर त्यांनी लिहिले. ज्यांनी स्वतः सोसले त्यांचा हा निवाडा आम्हांस दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

प्लांक यांनी १९३७ साली अध्यक्षपद व १९३८ साली सचिवपद सोडले. त्यांचा पुत्र एर्विन हिटलरविरोधी कटाच्या आरोपावरून धरला गेला. शहाऐंशी वर्षांच्या पित्याने त्याच्या प्राणांसाठी हिटलरला पत्र लिहिले. ते निष्फळ ठरले व २३ जानेवारी १९४५ रोजी एर्विनला फाशी देण्यात आले. राजनिष्ठेने साठविलेली पुण्याई अधर्माच्या पेढीवर वटत नाही, ती अशी. १९४७ साली प्लांक यांचे निधन झाले.

अशा दुःखी वृद्धास दूषण देणे हा आमचा हेतू नाही. सुरक्षित ओसरीवर बसून दुसऱ्याच्या धैर्याचे माप काढणे सोपे असते. तथापि त्यांच्या चरित्रातून एक कसोटी आम्ही घेऊ शकतो. १९०० साली नको असलेले सत्य त्यांनी मोजमापांपुढे मान तुकवून स्वीकारले. १९३३ साली मात्र समोरच्या वस्तुस्थितीपेक्षा आपल्या आशेवर त्यांनी अधिक विश्वास ठेवला. म्हणून जो आत राहील त्याने वेळोवेळी प्रामाणिक हिशेब मांडावा: आपण काय वाचविले, आणि त्यासाठी कोणाला सोडून दिले? जोवर तोंडातून स्पष्ट ‘नाही’ निघू शकते, तोवर राहण्यास अर्थ आहे. ज्या दिवशी ते निघेनासे होईल, त्या दिवशी आपण संस्थेचे रक्षक उरलो नाही, तिची केवळ शोभा झालो, असे समजून उठावे.