उपवासावाचून उपकारस्तुती

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी पाळल्या जाणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'साठी मराठी ख्रिस्ती मंडळींच्या भाषेत अगदी नेमका शब्द आहे: उपकारस्तुती. आभार कुणाचेही मानता येतात, जाता जाताही मानता येतात. उपकार म्हटला की उपकार करणारा आलाच, आणि ते ऋण फेडण्याची आपली ऐपत नाही ही कबुलीही आली. १८१३ साली मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला पाय रोवलेले अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, म्हणजे ज्या प्युरिटनांनी हा दिवस अमेरिकेत रुजवला त्यांच्याच वारसदारांचे. या शब्दातली कबुली त्या परंपरेशी जुळते. एरवी सणाची ओळख करून दिली जाते ती सुगीचा सण म्हणून: भरलेले शेत, टर्की, भोपळ्याचा पदार्थ, एका टेबलाशी बसलेले कुटुंब. या सणाची मुळे ख्रिस्ती आहेत हे खरेच. पण ती सुगीत नाहीत, उपवासात आहेत; आणि उपवासाचा दिवस गळून पडल्यावर उरलेल्या मेजवानीचा अर्थही पालटला, असे माझे म्हणणे आहे.

'पहिला थँक्सगिव्हिंग' म्हणून सांगितली जाणारी १६२१ ची मेजवानी आपल्याला ठाऊक आहे ती एडवर्ड विन्स्लो यांच्या त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या पत्रामुळे, आणि त्यातही एका परिच्छेदामुळे. 'मेफ्लॉवर' जहाजातून प्लिमथला आलेल्या १०२ जणांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. उरलेल्यांच्या हाती पीक आले, पक्षी मारायला चौघांना पाठवले गेले, बंदुकांचा सराव झाला. तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआगांचे प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आले, त्यांच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे चालले. देवाच्या कृपेने आता ददात नाही, एवढे विन्स्लो जरूर लिहितात. मात्र प्रवचन नाही, उपासना नाही, आणि 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही त्या वर्णनात नाही. इंग्लंडच्या खेड्यांत कापणीची शेवटची गाडी घरी आली की मालक आणि मजूर एकाच पंगतीला बसत. त्याला 'हार्वेस्ट होम' म्हणत. प्लिमथची मेजवानी त्या जातकुळीतली दिसते. तिला 'पहिला थँक्सगिव्हिंग' हे नाव दिले अलेक्झांडर यंग यांनी, ते पत्र पुन्हा छापताना घातलेल्या एका तळटीपेत, १८४१ मध्ये. दोनशे वीस वर्षांनी जन्मलेल्या एका तळटीपेवर आज एका राष्ट्राची उगमकथा उभी आहे.

प्लिमथच्या त्या माणसांना स्वतःला उपकारस्तुतीचा दिवस म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फारकत घेतलेले हे लोक नाताळ, ईस्टर, संतांचे दिवस यांतले काहीच मानत नसत, कारण बायबलात त्यांना त्याचा आधार दिसत नव्हता. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तर १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. त्यांच्या वर्षात रविवार होता आणि त्याखेरीज दोनच प्रकारचे दिवस होते. दुष्काळ, साथ, युद्ध आले की उपवासाचा आणि अनुतापाचा. संकट टळले की उपकारस्तुतीचा. दोन्ही दिवस पंचांगात आधी लिहिलेले नसत. घडलेल्या गोष्टीत देव आपल्याशी काय बोलला हे ओळखून ते ठरवले जात. १६२३ चा उन्हाळा याचा नमुना आहे. मे अखेरपासून जुलैपर्यंत पाऊस नाही, मका करपत चाललेला. वसाहतीने उपवासाचा दिवस ठरवला. सकाळी आभाळ निरभ्र होते, प्रार्थना आठ-नऊ तास चालली, लोक उठेपर्यंत ढग भरून आले आणि दुसऱ्या सकाळपासून पाऊस लागला. त्यानंतर उपकारस्तुतीचा दिवस पाळला गेला. मका होताच ना, मग ही सुगीच की, असे कुणी म्हणेल. पण पीक अजून शेतातच उभे होते. आभार भरल्या कोठाराचे नव्हते. आपण ज्याला पात्र नव्हतो अशी सुटका मिळाल्याचे होते. आधी स्वतःचा दोष कबूल करायचा आणि मगच आभार मानायचे, हा क्रम या धर्मविचाराचा कणा आहे.

राष्ट्रीय सण घडताना हा क्रम एकदम मोडला नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबरचा दिवस जाहीर केला तेव्हा राष्ट्राच्या अपराधांची क्षमा मागायलाही सांगितले. जेफरसन यांनी अध्यक्ष असताना असे दिवस जाहीर करण्यास नकार दिला: प्रार्थना कधी करायची हे सांगणे सरकारचे काम नव्हे. त्यांचा हा नकारही त्या दिवसाचे धार्मिक स्वरूप ओळखणाराच होता. मग सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे लेख आणि पत्रे लिहून एकाच राष्ट्रीय तारखेचा आग्रह धरला, आणि १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्याच वर्षी ३० एप्रिलला त्यांनी राष्ट्रीय उपवासाचा दिवस ठरवला होता. उपवास आणि उपकारस्तुती ही जुळी भावंडे त्या एका वर्षात एकत्र दिसतात. पुढे मॅसॅच्युसेट्सने १८९४ मध्ये आपला वार्षिक उपवास-दिन रद्द करून त्या जागी 'पेट्रियट्स डे' आणला. १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंग आठवडाभर अलीकडे ओढला, तो नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून. आजची तारीख १९४१ च्या कायद्याने पक्की झाली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सण बदलतातच, आणि सुगीचा आनंद कुणाच्या धर्मविचाराची परवानगी मागत नाही. मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरमध्ये 'आगेरा' करतात, गोव्यात कणसांचे फेस्त होते, नवे भात चर्चमध्ये आशीर्वादाला आणले जाते. तिथे शेतीचा जुना भाव आणि ख्रिस्ती उपासना एकजीव झाली आहे, मग अमेरिकेलाच वेगळा न्याय का? फरक असा की आगेऱ्यात कणीस खरोखर हातात असते आणि ते कुणापुढे ठेवायचे हेही ठाऊक असते. तो सण शेतातून चर्चमध्ये गेला. थँक्सगिव्हिंगचा प्रवास उलटा आहे: प्रार्थनेतून निघालेल्या दिवसाला सुगीचे चित्र मागाहून चिकटवले गेले. आणि ते चित्र निष्पाप नाही, कारण त्यात वाम्पानोआग कायम पाहुणे असतात. जमीन कुणाची होती हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि त्याला मी बगल देऊ शकत नाही. हे धार्मिक मूळ स्वतःच रक्ताने माखलेले आहे. १६१६ ते १६१९ च्या साथीने किनाऱ्यावरची गावे ओस पाडली, आणि १६२० च्या राजसनदेने त्या मरणात देवाची कृपा पाहिली. १६३७ मध्ये मिस्टिक इथे मूळ रहिवासी पेक्वॉटांचे गाव माणसांसकट जाळल्यावर उपकारस्तुती झाली. १६७६ च्या ऑगस्टमध्ये मॅसासॉइट यांचाच मुलगा मेटाकॉम मारला गेला, आणि त्याचे शिर प्लिमथला पोहोचले ते उपकारस्तुतीच्याच दिवशी. अनुतापही आंधळा असू शकतो: मेटाकॉमशी युद्ध भडकल्यावर १६७५ च्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सने देवाच्या कोपाची कारणे कायद्यात लिहिली, तेव्हा पुरुषांचे लांब केस आणि क्वेकरांच्या सभा त्यात आल्या, वाम्पानोआगांची जमीन आली नाही. म्हणून 'मुळाकडे परत चला' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना बहुधा आभारांपुरतेच मूळ हवे असते. तरीही सांगतो, प्रत्येक घटनेत आपल्यावरची कृपा वाचणाऱ्या या विचारात स्वतःकडे बोट दाखवणारी जागा एकच होती, ती उपवासाची. ती जागा चुकीच्या पापांनी भरली गेली, पण होती. लिंकन यांनी मार्च १८६५ च्या भाषणात तिथेच उभे राहून गुलामगिरीचे नाव घेतले आणि दोष उत्तर-दक्षिण दोघांच्याही माथी ठेवला. नुसत्या मेजवानीतून ते भाषण निघाले नसते.

१९७० मध्ये प्लिमथच्या ३५० व्या वर्षाच्या समारंभासाठी वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला बोलावले गेले. भाषण आधी वाचून पाहिल्यावर आयोजकांनी ते नाकारले. त्या थँक्सगिव्हिंगला ते आणि त्यांच्याबरोबरचे लोक कोल्स हिलवर, मॅसासॉइट यांच्या पुतळ्याजवळ जमले आणि त्यांनी तो दिवस राष्ट्रीय शोकदिन म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी लोक तिथे जमतात. खाली गावात घरोघरी ओव्हन तापलेले असतात, आणि टेकडीवर उभ्या असलेल्यांपैकी अनेकांनी आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून काही खाल्लेले नसते.