ऐंशीची पाटी

"फादर, गाडी जोरात चालवणे हे पाप आहे का?" दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने विचारले, तेव्हा बाकीची मुले हसली. आम्हीही हसलो. ती पोलिसांची बाब आहे, असे काहीसे सांगून आम्ही पुढल्या धड्याकडे वळलो. आपण मुलाला चुकवले, ही टोचणी मात्र त्या रात्री मनातून जाईना.

वरळीत राहणाऱ्याने तरी हा प्रश्न चुकवू नये. २००९ साली सागरी सेतू झाला. मार्च २०२४ मध्ये किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला आणि त्यासाठी मर्यादा ठरल्या : सरळ रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, बोगद्यात ६०, वळणांवर ४०. समृद्धी महामार्गावर तर मोटारींना १२० ची मुभा देण्यात आली. यावरून कोणी म्हणेल, आकडा माणसाने ठरवलेला, उद्या माणूसच तो बदलणार. मग ८० ला निर्दोष आणि ८१ ला दोषी, हे कसे? आक्षेप वाटतो तितका पोरकट नाही. आकडा संकेताचाच असतो. पण माणसाचे शरीर संकेताने बनलेले नाही. ताशी ८० ने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते; वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते. पाटीवरचा आकडा म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांत दुबळ्या माणसाला आपण किती धोक्यात टाकायचे, याविषयी समाजाने केलेला करार होय. त्या दुबळ्या माणसाला मात्र त्या करारावर सही करायला कोणी बोलावलेले नसते.

१२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. ७ जण मृत्यू पावले, ८ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. फरक पडला तो एका शब्दाने : जाणीव. मद्य घेऊन भरधाव निघालेल्या माणसाला, यातून कोणाचा जीव जाऊ शकतो, याची जाणीव होती असे वरिष्ठ न्यायालयांनी धरले.

हे वाचल्यावर आमच्या मनात एक विचार आला, आणि तो आजवर सुटलेला नाही. त्याच रात्री तितकीच दारू पिऊन, तितक्याच वेगाने आणखी कोणी घरी गेला नसेल काय? त्याच्या वाटेवर पदपथ रिकामा होता, एवढेच. कायद्याने त्याला दंड केला तरी मनुष्यवधाचा आरोप त्याच्यावर ठेवता येणार नाही. न्यायालयापुढे प्रेत यावे लागते. धर्माचे माप निराळे आहे. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात वेगाची हौस नशेच्या जोडीला येते. गंभीर दोष ठरतो तो जीव धोक्यात घालण्याचा; जीव गेलाच पाहिजे, अशी अट तिथे नाही. तरीही इतक्या वर्षांच्या पापनिवेदनांत हे पाप घेऊन आमच्यापुढे कोणी गुडघे टेकल्याचे आम्हांस स्मरत नाही.

दुसऱ्यांचे कशाला? एका रुग्णाभिषेकाला जाताना आम्हीच चालकाला "जरा दाब, बाबा" म्हटले होते. एका शाळकरी मुलाला चुकवताना गाडी दुभाजकाला घासली. मूल वाचले. आम्ही देवाचे आभार मानले, मात्र क्षमा मागितली नाही.

७ जुलै २०२४ च्या पहाटे ससून डॉकवरून मासळी घेऊन परतणाऱ्या वरळी कोळीवाड्यातील दांपत्याला अ‍ॅनी बेझंट रस्त्यावर मोटारीने उडवले. पत्नी मोटारीबरोबर दीड किलोमीटरच्या आसपास फरफटत गेली, असे पोलिसांचे म्हणणे. चालक म्हणून आरोपी ठरलेला तरुण दोन दिवसांनी सापडला. सहाच दिवसांपूर्वी नवी न्याय संहिता लागू झाली होती. हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा तिने दोन वर्षांवरून पाचवर नेली. पण धडक देऊन, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे पोटकलम त्या दिवशी लागू झाले नाही. जानेवारीत ट्रकचालकांनी त्याविरुद्ध संप केला होता. थांबलो तर जमाव ठार मारील, हे त्यांचे भय खोटे नव्हते. ते भय आणि आलिशान मोटारीतून पळणाऱ्याचे भय एकाच कलमात कसे मोजायचे, हे आम्हांस सांगता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात दोन जीव घेणाऱ्या मोटारीच्या प्रकरणी अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली, तेव्हा आम्हीही संतापलो होतो. नंतर आठवले, भल्याभल्या पापांना आम्ही तीन 'नमो मरियां'वर सोडलेले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही मुलाला उत्तर बदलून दिले : होय, पाप आहे. तो म्हणाला, "पण कोणाला लागलेच नाही, तर क्षमा कोणाची मागायची?" त्याला आम्ही येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला अ‍ॅनी बेझंट रस्त्यावर बोलावले आहे. मासळीच्या पाट्या घेऊन स्कूटरी त्या वेळी कोळीवाड्याकडे परततात.