सौदा आणि सदका



ईमानधारकाने पेरलेल्या पिकातून माणसाने वा पाखराने जे खाल्ले, तो त्याचा सदका ठरतो, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शेतीला एवढा मान देणाऱ्या धर्माचे आपण अनुयायी. मग आंजी (मोठी)च्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या शेतकऱ्याशी कसे वागतो? पाकिटावर छापलेली किंमत मुकाट्याने देतो, त्याच्याशी मात्र दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. दिवस मावळताना उरलेला माल परत नेणे त्याला परवडत नाही, हे ओळखून भाव पाडतो. मीही पाडला आहे. अल्लाह क्षमा करो.

माल आणणाऱ्यांना बाजाराबाहेर वाटेतच गाठून खरेदी करण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली, कारण भाव ठाऊक नसलेला विक्रेता त्यात नाडला जातो. अज्ञानाचा लाभ निषिद्ध, तर अगतिकतेचा कसा शोभेल? घासाघीस हराम नाही, परंतु खरेदीत उदार राहणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे.

आपल्याच वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. येत्या बाजाराला हळद तिथली घ्या, भाजी शेजारच्या शिवारातील घ्या. पिकवणारा कोणत्याही धर्माचा असो, तो आपला शेजारी आहे आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्यावर आहे.