फुफ्फुसाचा व्रण आणि कामाची चौकशी

कोरडा खोकला सुटत नाही, जिना चढताना धाप लागते आणि वय साठीच्या पुढे गेलेलं. पालघर-बोईसर पट्ट्यात अशा माणसाला पहिलं उत्तर मिळतं ते ‘वय झालं’, आणि दुसरं ‘टीबी असेल’. टीबी इथे आहेच, त्यामुळे ती शंका घेण्यात काही गैर नाही. पण थुंकीत जंतू न सापडताही गोळ्यांचा कोर्स होतो आणि धाप वाढतच जाते. मग कधीतरी मुंबईत सीटी स्कॅन होतो आणि फुफ्फुसाच्या तळाशी, कडेकडेने, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. केस पेपरवर नाव पडतं इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजेच आयपीएफ: कारण न सापडलेला, फुफ्फुसात पसरत जाणारा व्रण. या आजाराविषयीचं वैद्यकाचं मत नव्वद वर्षांत पार बदललं. याच पट्ट्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराचा त्या बदलाशी थेट संबंध आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या हॅमन आणि रिच यांनी 1935 मध्ये अशा रुग्णांची नोंद मांडली आणि 1944 मध्ये चार रुग्णांचा सविस्तर वृत्तान्त छापला. पुढे समज रूढ झाली ती अशी: आधी दाह होतो, तो शमत नाही, म्हणून व्रण पडतो. तेव्हा दाह दाबा. स्टेरॉइड आली, मग प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन, पुढे एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनची जोड. अनेक दशकं हेच उपचार चालले. डॉक्टरांच्या हाती दुसरं काही नव्हतं आणि समोरचा माणूस गुदमरत होता.

अमेरिकेतल्या ‘पँथर’ चाचणीत ही तीन औषधं एकत्र घेणाऱ्यांची तुलना नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांशी केली. तिन्ही औषधं घेणारेच जास्त दगावले आणि रुग्णालयातही जास्त भरती झाले. 2011 मध्ये चाचणीचा तो भाग मध्येच थांबवावा लागला आणि 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, कोणत्याही नव्या औषधापेक्षा मोठी. वर्षानुवर्षं विश्वासाने दिलेला उपचार वैद्यकाने स्वतःच तपासला आणि सोडून दिला.

विचाराची दिशा त्याआधीच बदलू लागली होती. 2001 मध्ये सेलमन, किंग आणि पार्डो या संशोधकांनी मांडलं की मूळ दुखणं दाहाचं नाही. वायुकोशांच्या अस्तराला पुन्हापुन्हा बारीक इजा होते, ती बुजवण्याचं काम भरकटतं आणि तंतू साचतच राहतात. मग औषधंही व्रण रोखणारी शोधली गेली. पिरफेनिडोनला जपानने 2008 मध्ये मान्यता दिली आणि 2010 पासून ते भारतात मिळू लागलं. निन्टेडानिबच्या चाचण्या 2014 मध्ये छापल्या गेल्या. त्यांतल्या एकीत फुफ्फुसाची हवा धरण्याची क्षमता वर्षाला सुमारे 240 मिलिलिटरऐवजी 115 मिलिलिटरने घटली. घसरण निम्म्यावर आली, थांबली मात्र नाही. पडलेला व्रण कोणतंही औषध पुसत नाही. शिवाय पिरफेनिडोन घेणाऱ्याने ऊन टाळायचं असतं. भातशेतीत किंवा सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवण्यात दिवस जाणाऱ्याला हे सांगणं सोपं, पाळणं अवघड.

किती दिवस उरले, हा घरच्यांचा पहिला प्रश्न. निदानानंतर साधारण तीन ते पाच वर्षं, असं उत्तर पूर्वी सरसकट दिलं जाई. 2012 मध्ये वय, लिंग आणि फुफ्फुसाच्या दोन चाचण्यांवरून गुण देणारी पद्धत आली. तिच्यातल्या पहिल्या टप्प्यावरच्या रुग्णांत वर्षभरातला मृत्यूचा धोका सुमारे 6 टक्के, तर तिसऱ्यावरच्यांत 39 टक्के निघाला. म्हणजे आजार लवकर ओळखण्याला अर्थ आहे. हा अंदाज प्रदूषित हवाही बिघडवू शकते: 2014 मध्ये दक्षिण कोरियातल्या रुग्णांवरच्या अभ्यासात ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड वाढल्यानंतरच्या आठवड्यांत आजार अचानक उसळी घेताना आढळला. ही उसळी अनेकदा जीवच घेते.

राहिला तो अस्तराला इजा कोण करतं हा प्रश्न. काही घराण्यांत जनुकांचा दोष सापडला आणि धूम्रपानाचा वाटाही स्पष्ट झाला. 1996 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने धातूच्या आणि लाकडाच्या धुळीकडे बोट दाखवलं. 2019 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय श्वसनसंस्थांनी एकत्रित हिशोब मांडला: आयपीएफचा सुमारे 26 टक्के भार कामाच्या ठिकाणच्या संपर्काशी, म्हणजे धूळ, धूर आणि वाफांशी जोडता येतो. ज्या आजाराचं कारण सापडत नाही म्हणतात, त्याच्या चौथ्या हिश्श्याचा माग असा कारखान्यापर्यंत आणि शेतापर्यंत जातो.

भारतातली नोंद तर अधिक बोलकी आहे. 2012 ते 2015 दरम्यान 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी फुफ्फुसाच्या अशा आजारांच्या 1084 रुग्णांची बारकाईने चौकशी केली. आयपीएफ निघाला 13.7 टक्क्यांत. 47.3 टक्क्यांना होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे पक्ष्यांची विष्ठा, बुरशी, कुजका पेंढा, कूलरमधली ओल अशा श्वासातून गेलेल्या गोष्टींनी बिथरलेलं फुफ्फुस. दोन्ही आजारांत खोकला आणि धाप सारखीच. फरक असा की दुसऱ्यात ती गोष्ट दूर केली तर, व्रण पक्का होण्याआधी, माणूस सुधारू शकतो. तिथे स्टेरॉइडही उपयोगी पडतं. म्हणजे ‘काय काम करता, घरात काय आहे’ असं विचारणं हाच उपचाराचा आरंभ.

तारापूर एमआयडीसीत पोलाद, रंग, रसायनं, औषधं, कापड हे सगळं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिलं आलं. हा आकडा हवा, पाणी आणि जमीन यांचा, कुणाच्या फुफ्फुसाचं निदान नव्हे. पण इतक्या प्रदूषित पट्ट्यात काम केलेल्या माणसाला कामाबद्दल न विचारताच ‘कारण अज्ञात’ लिहिणं मला मान्य नाही. त्याने नुकसानही होतं. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत पुढे भर पडत गेली. सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, सेंद्रिय धुळीने होणारा वायुकोशदाह, कठीण धातूंनी होणारे फुफ्फुसविकार हे सारे तीत आले. आयपीएफ आला नाही. अ‍ॅस्बेस्टोसिस तर स्कॅनवर हुबेहूब आयपीएफसारखा दिसू शकतो. घाईने लिहिलेलं एक नाव कामगाराचा हक्क बुडवू शकतं. ठेकेदाराकडे राबलेल्याजवळ तर नोकरीचा कागदही नसतो.

म्हणून बोईसर, पालघर, डहाणूच्या डॉक्टरांना विनंती: धाप लागलेल्या माणसाच्या केस पेपरवर त्याने आयुष्यभर केलेली सगळी कामं लिहा, सोडलेलीसुद्धा. आणि तुमच्या घरात असा माणूस असेल, तर कोणता कारखाना, कोणतं खातं, किती वर्षं, कसली पावडर, कसला धूर, घरात चूल की गॅस, हे त्याच्याकडून आजच लिहून घ्या आणि तो कागद तपासणीला सोबत न्या.