आजींचा अंगठा

शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी 1978 साली सुरू केलेला ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचा नवरात्रोत्सव जवळ आला की तिथल्या फुलवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. घटाला रोजची माळ हवी, हार आणि वेण्या वेगळ्या. त्यांतल्या एका आजींचा हात मात्र ऐन घटस्थापनेच्या तोंडावर अडला. झेंडू ओवून दोरा ओढला की अंगठ्याच्या मुळातून कळ निघे. चिमूट धरवेना, किल्ली फिरवेना.

शेवटी नातीला घेऊन त्या फिजिओथेरपीच्या ताईंकडे गेल्या. एक्स-रेत अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज दिसत होती. तो बघून ताईंनी विचारलं, "आजी, लहानपणी मनगट दुमडून तुमचा अंगठा हाताला टेकायचा का हो?"

"टेकायचा म्हणजे! सगळ्या आळीत माझाच टेकायचा. पण आता तो हलवला तरी जीव जातो. मी कसली लवचीक?"

ताईंचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. वयाने आणि झिजेने सांधे आखडतात, मूळचा सैलपणा झाकून जातो. आज काय वाकतं एवढंच बघितलं तर तो कळायचाच नाही.

ताईंनी समजावलं, की हाडं बांधून ठेवणारे बंध जन्मतः सैल असले तर सांधा सावरायचं काम स्नायूंवर पडतं. त्यात चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशी 12 किलोंपर्यंत भार येतो. आइसलँडच्या डॉक्टरांना 1990 च्या दशकात अशी झीज सैल सांध्यांच्या माणसांत जास्त दिसली. "अमेरिकेतल्या एका पाहणीत मात्र अशा लोकांच्या बोटांची आणि गुडघ्यांची झीज उलट कमी निघाली. तेव्हा लवचीक अंगाला आजार समजू नका."

"मग माझं चुकलं कुठे?"

"तुमचं काही चुकलं नाही, आजी. सैल सांध्याला बळ द्यावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"माझापण टेकतो!" म्हणत नातीने झटकन अंगठा हाताला लावून दाखवला. ताईंनी तिला चिमटीत कागद घट्ट धरायला सांगितला आणि तो हळूच ओढला. पोरीचा अंगठा मधल्या सांध्यात मागे कलंडला, कागद सुटला. वाकवायला तरबेज असलेला हात धरायला कच्चा निघाला.

आजींना अंगठ्याचा पट्टा मिळाला. सुई धरायच्या जागी कापड गुंडाळून मूठ जाड केली, मधे मधे हात थांबू लागला. मुठीत चेंडू असल्यासारखा अंगठा गोल ठेवून जोर लावायचा व्यायाम आजी-नात रोज एकत्र करू लागल्या. झीज काही भरून आली नाही, पण कळ उतरली आणि माळा वेळेवर गेल्या. गिऱ्हाइकांनी अंगठा टेकवायची करामत दाखवायला सांगितली तरी नात आता दाखवत नाही.

तुमच्या घरातलं मूल असा अंगठा टेकवत असेल तर टाळ्या वाजवून ते पुनःपुन्हा करायला लावू नका, त्याच्या हातात बळ येईल असं बघा. आणि आजी-आजोबांचा अंगठा दुखत असेल, तर तरुणपणी तो किती वाकायचा ते त्यांना विचारा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.