फुटका आवाज

माझा पुतण्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून किल्लारीला आला, तो खांद्यावर गिटार आणि पिशवीत साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी घेऊन. गिटारीबद्दल माझी तक्रार नव्हती. पोकळ लाकडी पेटी, सहा तारा. आमच्या भजनातल्या वीणेची परदेशी चुलतबहीण म्हणायला हरकत नाही. पण त्या डबीचं काम काय, तर चांगला आवाज फोडणं! तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात.

"काका, अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज दिला, की लाटांचे शेंडे छाटले जातात. मग तो गुरगुरतो. ही डबी तेच करते."

आमच्या देवळातला कर्णा हे जन्मापासून करतो. त्याला आम्ही बिघाड म्हणतो आणि वर्गणी काढून दुरुस्त करतो. यानं बिघाडच विकत आणला होता, आणि तोही पावतीसकट! 1964 साली डेव्ह डेव्हिस नावाच्या इंग्रज गिटारवाल्यानं म्हणे स्पीकरचा पडदा ब्लेडनं फाडून असा आवाज काढला. आमच्या घरात हा प्रयोग झाला असता, तर पहिला आवाज कार्ट्याच्या पाठीतून निघाला असता.

बरं, लाकडाला स्वतःचा आवाज असतो. त्याला मुद्दाम घसा बसल्यासारखं बोलायला लावणं हा खोटेपणा नाही का? मी नीतीचा प्रश्न टाकला.

"काका, गजराला तुमचा आवाज फाटतो, तेव्हाच लोक माना डोलावतात. मग तुम्ही पट्टी का नाही उतरवत?"

मी गप्प. खरं सांगायचं तर तो दर वेळी आपोआप फाटतो असं नाही. एकादशीला मी थोडा फाडतो.

रात्री भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणला आणि त्यानं डबी पायानं दाबली. पोकळ गिटारीची गंमत अशी, की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, लाकूड थरथरतं, तेच पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतं आणि घुमणं वाढतच जातं. जाड तारेचा घुमारा उठला, मांडणीवरची भांडी वाजली. गुडघ्यांमुळे आईला उठवायला दोन माणसं लागतात. ती एकटी अंगणात जाऊन उभी होती.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला जमिनीतून आवाज आला. आम्ही पुढे नव्या किल्लारीत राहायला आलो. आईचे कान जुन्या गावातच राहिले.

पुतण्या वायर उपटून धावला. त्याचा जन्म भूकंपानंतरचा.

"काय फुटलं रे बाळा?"

"काही नाही आज्जी. नुसतं तसं वाजतं."

"फुटलं न्हाई, फुटल्यावानी करायलंय व्हय?"

"हो."

तिनं बराच वेळ विचार केला.

"मग वाजव की. पर आधी सांगत जा."

तेव्हापासून तो डबीवर पाय ठेवण्याआधी "आज्जी, वाजवतोय गं!" अशी हाळी देतो, आणि ती मांडणीवरच्या पितळी तांब्यावर हात ठेवून "हां, होऊ दे" म्हणते.

एकादशी परवावर आली आहे. आई पहिल्या रांगेत बसते. माझ्या आवाजाबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.