विचारून गेलेली पोरं

प्रकल्प म्हटलं की मोर्शीकडच्या म्हाताऱ्या माणसाला आधी सिंभोऱ्याचं धरण आठवतं. ऊर्ध्व वर्धा प्रकल्प. त्यात ज्यांची घरं-वावरं गेली ते प्रकल्पग्रस्त. आमच्या मोझरीकडे हा शब्द अलीकडे दुसऱ्या वाटेनं आला, शाळेतून. पोट्टे दिवाळीच्या आधी-नंतर वह्या घेऊन गावात हिंडतात, कोणी पाण्यावर, कोणी व्यसनावर, कोणी शेतकऱ्यावर. माझं घर रस्त्याला लागून, मी रिकामा दिसतो, म्हणून सगळे आधी माझ्याकडेच. त्या अर्थानं मीही प्रकल्पग्रस्तच समजा.

"आबाजी, तुमच्यावर कर्ज किती हाय?"

नाव विचारण्याच्या आधी हा प्रश्न. पोरगा वाईट नाही. त्याच्या कागदावर तो प्रश्न दुसऱ्या नंबरला छापलेला असतो आणि सरांनी पंधरा घरं करायला सांगितलेली असतात. मी हसून उत्तर देतो. पण सगळ्यांना हसता येत नाही. आमच्याच आळीत एक बाई आहे, तिचा नवरा काही वर्षांपूर्वी औषध पिऊन गेला. तिच्या ओट्यावर चार पोरं गेली आणि कागदावरची कारणं वाचून दाखवू लागली. नापिकी, कर्जबाजारीपणा, व्यसन, घरगुती भांडण. यापैकी कोणतं, त्यावर बरोबरची खूण करायची. बाईनं पोरांना पाणी दिलं, उत्तरही दिलं. तिनं कोणत्या कारणावर खूण करायला लावली ते मी विचारलं नाही. पोरं गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावरच बसून होती, एवढं मला माझ्या अंगणातून दिसलं.

ही गोष्ट मी एका मास्तरापुढे मांडली. कोणत्या शाळेचा, ते सोडा. तो म्हणाला, "भाऊ, मग काय पोरांना वर्गातच कोंडून ठेवायचं? पुस्तकातला शेतकरी दोन बैल घेऊन हसत उभा असतो. खरं काय आहे ते पोरांनी पाहायचं नाही का?"

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. खेड्यातला पोरगा असून तूर कधी पेरतात आणि कधी सोंगतात हे न सांगता येणारे पोरं मी पाहतो. बापाच्या वावरात वर्षातून दोनदा जातात, तेही फोटो काढायला. त्यांना बाहेर नेलंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की कोणी आपलं दुःख कुणाच्या शिक्षणासाठी द्यावं का, आणि दिलं तर घेणाऱ्यावर काय येतं? डॉक्टर विचारतो, कारण तो औषध देणार असतो. पाहुणा विचारतो, कारण उद्या त्याच्याही घरी आपण जाऊन विचारणार असतो. वही घेऊन आलेलं पोर विचारतं आणि वही शाळेत जाते, तिला मार्क पडतात, मग ती कपाटात, मग रद्दीत. विचारलेल्या माणसाकडे त्यातलं काहीच परत येत नाही.

आमच्या भागात हा विचार नवा नाही. वर्धा आमच्यापासून लांब नाही. 1937 च्या ऑक्टोबरात तिथं शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते आणि हातानं काम करत शिकायचं ही नई तालीमची कल्पना तिथून पुढे आली. अभ्यासक्रम ठरवायला डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली. पोरांनी केलेल्या कामातून शाळेचा खर्च निघावा, असाही गांधीजींचा आग्रह होता. त्यावर लोकांनी शंका घेतली, की मग शाळा म्हणजे कारखाना होईल आणि पोरं मजूर. झाकीर हुसेन समितीनंही आपल्या अहवालात हा धोका मोकळेपणानं लिहून ठेवला, की कमाईकडेच लक्ष गेलं तर शिकणं मागे पडेल. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या हाती टकळी होती. सूत किती निघालं ते मास्तर पाहायचे. कापूस कुठून आला, सूत कुठं गेलं, हे कोणी विचारलं नाही. मोठी कल्पना खाली झिरपता झिरपता कशी टकळीपुरती उरते ते मी पाहिलं आहे. आता टकळीच्या जागी रंगीत फाईल आली एवढंच.

तुकडोजी महाराज स्वतः शाळा थोडकीच शिकले. 1935 ला त्यांनी इथं गुरुकुंज उभा केला आणि पुढे ग्रामगीता लिहिली, तर तिच्या 41 अध्यायांत जीवन शिक्षणाला एक पुरा अध्याय दिला. आमच्या वडिलांच्या वेळी इथं आलेला माणूस हाती झाडू घेऊन गाव झाडायचा आणि मग प्रार्थनेला बसायचा. गाव किती घाण आहे याची पाहणी करून कोणी परत जात नसे. मला हा फरक फार मोठा वाटतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एका मास्तरानं वेगळं केलं. तो कागद घेऊन आला नाही. जुलैमध्ये एकटाच आला, धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तुम्हाला यंदा कशाची भीती वाटते ते सांगा." मी म्हटलं, गुलाबी बोंडअळीची. दुसरं काय सांगणार? 2002 ला बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा अळीचं नाव संपलं असं आम्हाला वाटलं होतं. गुलाबी अळी तिला पचवून बसली आणि 2017 च्या हंगामात विदर्भाची बोंडंच्या बोंडं खाऊन गेली. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसवर माणसं गेली. म्हणजे अळी एकीकडून आणि औषध दुसरीकडून.

मास्तरानं आठवी-नववीच्या पोरांना घेऊन ऑगस्टात माझ्या एका एकरात दोन कामगंध सापळे लावले. सापळ्यात मादीच्या वासाचं लूर असतं, त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. पोरांनी रोज सकाळी शाळेत जाताना ते मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असं सलग तीन रात्री निघाले तर फवारणीचा विचार करायचा, असा हिशेब कृषी विद्यापीठवाले सांगतात. पुढे बोंडं धरली की वीस हिरवी बोंडं तोडून चिरून पाहायची. दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, म्हणजे वेळ आली.

पहिले दोन-तीन आठवडे वहीत शून्य, एक, शून्य. पोरं हिरमुसली. "सर, प्रकल्पात काहीच निघून नाही राह्यलं." मला त्या शून्याचा केवढा आनंद, आणि त्यांना वाटे प्रकल्प बुडाला. मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, बाबू, शेजारच्या वावरात भीतीपोटी एक फवारा जास्तीचा झाला, माझा झाला नाही, तो तुमच्या शून्यामुळे. त्याचे पैसे, मजुरी, पाठीवरच्या पंपाचं ओझं आणि नाकात जाणारं विष, एवढं सगळं त्या शून्यात आहे. तेव्हापासून ती पोरं शून्य ठसठशीत काढू लागली.

पण इथं एक गोष्ट मला रात्री झोपू देत नव्हती. माझ्या कपाशीचा निर्णय तेरा वर्षांच्या पोराच्या मोजणीवर. त्यानं कंटाळून न जाताच आकडा लिहिला तर? मास्तरानं त्यावर उपाय काढला नाही, उलट ते पोरांना उघड सांगितलं: तुम्ही खोटं लिहिलं तर आबाजींचं नुकसान होईल, माझं नाही. एका सकाळी पोरगा पावसात आला नाही, तर त्या दिवसाचा रकाना त्यानं कोरा ठेवला. भरला नाही. प्रश्नपत्रिका भरताना हेच पोरं शेजाऱ्याचं पाहून कर्जाचे आकडे टाकतात. जोखीम दुसऱ्या कोणाची तरी खरी असली की पोराला खोटं लिहिणं जड जातं. त्याला जोखमीच्या जवळ तर आणलं पाहिजे. अर्थात जवळ म्हणजे किती, हेही मोठ्यांनीच ठरवायचं. फवारणी झाली की पुढचे दिवस एकाही पोराला मी धुऱ्यावर येऊ दिलं नाही, मग वहीत कितीही रकाने कोरे राहोत.

सप्टेंबरअखेर आकडा चढला, मी फवारणी केली. पुढे डोमकळ्या शोधायच्या, चुरगळून बंद झालेलं फूल दिसलं की तोडून नष्ट करायचं, तेही पोरांनी केलं. एवढ्यावर संपलं असतं तर मास्तरला चांगली फाईल मिळाली असती.

डिसेंबरात फरदडीचा विषय निघाला. कपाशी वेळेवर उपटली नाही, पाणी देऊन पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवली, तर अळीला खायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामात ती आयती तयार असते. म्हणून फरदड घेऊ नये, हे वाक्य प्रत्येक फाईलच्या शेवटी असतं. त्यात एक पोरगी होती, मोजणीत सगळ्यात पक्की. ती म्हणाली, "आबाजी, आमच्या बाबानं फरदड ठेवली हाय. मी काय लिवू?"

मास्तर माझ्याकडे पाहू लागला, मी मास्तरकडे. खरं लिहायचं तर बापाचं नाव येतं. नाही लिहायचं तर चार महिने तिला जे शिकवलं ते खोटं. आणि बाप काही अडाणी नाही. त्याला अळीचं सगळं समजतं. त्याला हेही समजतं, की जानेवारीनंतरचे जे दोन-चार क्विंटल निघतात तेवढ्यावरच मोठ्या पोरीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे आहेत. हवेतली अळी सगळ्या गावाची, पैसा मात्र त्याच्या एकट्याचा कमी पडणार.

मी तिला म्हटलं, बाबाला विचारून लिही. तिनं विचारलं. बापानं सांगितलं, "लिव्ह, पण कारण बी लिव्ह." मग तिनं नाव न टाकता तसंच लिहिलं: एका शेतकऱ्यानं फरदड ठेवली, त्यातून त्याला एवढे पैसे मिळतात, ते इथं-इथं लागतात. छापील फाईलमध्ये 'शेतकऱ्यांमध्ये जनजागृतीचा अभाव' असं लिहायला सोपं असतं, आणि तपासणाराही तेच शोधतो. तिच्या वहीला मार्क किती पडले मला ठाऊक नाही. त्या ओट्यावरच्या बाईला मात्र कोणी म्हटलं नव्हतं, की कारण तुम्हीच तुमच्या शब्दांत सांगा. चार चौकटींतून एक निवडा, एवढंच म्हटलं होतं.

मास्तरला मी एकच अट घातली होती, की वही कपाटात जाण्याआधी गावात वाचायची. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन पोरांनी ती वाचली. आकडे वाचले, शून्यं वाचली, फरदडीचं पानही वाचलं. लोक अर्धेअधिक घरकुलाच्या यादीसाठी आले होते, पण ऐकलं. वाचून झाल्यावर मागून एक जण उठला, त्या पोरीचा बाप नव्हे, दुसराच. म्हणाला, "सारं खरं हाय बाप्पा. मी उद्या पऱ्हाटी उपटतो. फेब्रुवारीतला माह्या पैसा कोण देते ते सांगा."

सरपंचानं ग्रामसेवकाकडे पाहिलं, ग्रामसेवकानं रजिस्टरात. मास्तरानं पोरांच्या हातातली वही घेतली आणि तो प्रश्न पुढच्या कोऱ्या पानावर लिहून घेतला. उन्हाळ्यात त्याची बदली झाली. वही माझ्याकडे ठेवून गेला, ती धान्याच्या कोठीवर आहे. नवीन मास्तर आले तेव्हा मी ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हणाले, पाहतो.